आपल्याच शाळेची साक्ष

सिंदी (मेघे) आता वर्धा शहराला पुरती चिकटली आहे. नगरपालिकेची हद्द कुठे संपली आणि ग्रामपंचायतीची कुठे सुरू झाली, हे पाटी वाचल्याशिवाय कळत नाही. १९३५ मध्ये मात्र ते वर्ध्याजवळचे एक साधे खेडे होते. वर्ध्यातल्या मगनवाडीत राहणारी गांधीजींची मंडळी बादल्या आणि फावडी घेऊन तिथे जात आणि वाटांवरची विष्ठा उचलत. त्यांत महादेव देसाई होते, मीराबेन होत्या. गावाचा प्रतिसाद थंड होता, आणि महादेवभाईंनी 'हरिजन' साप्ताहिकात लिहिताना तो झाकून ठेवला नाही. मीराबेन पुढे सिंदीतच राहायला गेल्या, तिथून शेगावला. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजीही शेगावात आले. बुलढाण्याच्या शेगावशी टपालाची गल्लत होऊ लागली, म्हणून १९४० मध्ये या शेगावचे सेवाग्राम झाले.

सिंदीच्या वाटांवर मोठ्या माणसांनी जे केले, तेच दोन-तीन वर्षांत सेवाग्रामच्या शाळेतल्या मुलांच्या दिनक्रमात आले. सफाई, स्वयंपाक, शेत, टकळी. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याच्या नवभारत विद्यालयात शिक्षण परिषद भरली. अध्यक्षस्थानी गांधीजी होते. मूलोद्योगातून, म्हणजे हातकामातून, शिक्षण देण्याचा आराखडा झाकीर हुसेन यांच्या समितीने केला, आणि १९३८ मध्ये हिंदुस्तानी तालिमी संघ स्थापन झाला. मूळचे सिलोनचे तमिळ ख्रिस्ती असलेले ई. डब्ल्यू. आर्यनायकम आणि त्यांच्या पत्नी आशादेवी शांतिनिकेतनातून वर्ध्याला आले होते. शाळेचा भार त्या दोघांनी उचलला. बाहेरगावची मुले-मुली तिथेच राहून शिकत. नई तालीम म्हणून सबंध देशाला माहीत झालेल्या या शाळेचा, तिच्या पन्नास वर्षांचा इतिहास १९८८ मध्ये नई तालीम समितीने इंग्रजीत प्रसिद्ध केला: 'द स्टोरी ऑफ नई तालीम'. लेखिका मार्जोरी साइक्स. त्या तेव्हा ८३ वर्षांच्या होत्या, आणि त्याच शाळेत दहाएक वर्षे शिक्षिका म्हणून राहिल्या होत्या.

इथेच एक जुना प्रश्न उभा राहतो, आणि तो केवळ इतिहासलेखनाच्या पद्धतीचा नाही. ज्या जागेवर माणसाने आयुष्य वाहिले, त्या जागेविषयी तो खरे बोलू शकतो का? ममत्व हा सत्याच्या आड येणारा पडदा आहे, की सत्य दिसायला लागणारा उजेड? एरवी हा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या वर्गात सुरू होऊन तिथेच संपला असता. पण सेवाग्राममध्ये सत्य हे देवाचे नाव होते. जिथे सत्य हाच ईश्वर मानला, तिथल्या शाळेच्या इतिहासात एखादी अडचणीची गोष्ट गाळणे ही संपादकीय सोय उरत नाही. त्या घराच्या हिशेबाने तो अधर्म ठरतो.

शाळेचा इतिहास म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर स्मरणिका येते. रौप्यमहोत्सवी, सुवर्णमहोत्सवी, आता शतकमहोत्सवी. गुळगुळीत मुखपृष्ठावर इमारत, आत संस्थापकांचे छायाचित्र, मग मंत्रिमहोदयांचे शुभसंदेश, देणगीदारांची यादी, गुणवत्ता यादीत आलेल्यांचे पासपोर्ट आकाराचे चेहरे, आणि शेवटी सोनाराच्या व पतसंस्थेच्या जाहिराती. मध्ये कुठेतरी निवृत्त मुख्याध्यापकांचा 'संस्थेची वाटचाल' हा लेख. त्या लेखात वाटचाल नेहमी चढणीची असते. ज्या साली वसतिगृह बंद पडले ते साल नसते. ज्या गुरुजींना जावे लागले ते गुरुजी नसतात. या लेखांत खोटे क्वचितच असते, पण जे वगळलेले असते त्यातच शाळेचे खरे आयुष्य गेलेले असते. हे मुख्याध्यापक अप्रामाणिक नव्हेत. त्यांचे प्रेम एकट्याचे आहे, एवढाच त्यातला दोष. त्यांनी लिहिलेले कोणी उलटून तपासायला बसलेले नाही.

एकट्याच्या प्रेमावर उपाय काय, हे विदर्भाच्याच मातीत सातशे वर्षांपूर्वी एका शिष्याला सुचले होते. महानुभाव पंथाचे चक्रधरस्वामी निघून गेल्यानंतर म्हाइंभटांनी त्यांच्या लीळा गोळा करायला घेतल्या. म्हाइंभट परके नव्हते. पंथात आलेले, गुरूंवर जीव असलेले होते. पण त्यांनी आपल्या आठवणीवर भागवले नाही. ज्या ज्या भक्ताला स्वामींचा सहवास लाभला होता त्याच्याकडे ते गेले, काय घडले, कुठे घडले, कोण होते, हे विचारले आणि स्वामींनंतर पंथाचे प्रमुख झालेल्या नागदेवाचार्यांकडून पडताळून घेतले. म्हणून 'लीळाचरित्रा'त गावांची नावे आहेत, जेवणखाण आहे, शिष्यांची भांडणे आणि रुसवेही आहेत. पुढे पोथ्या हरवल्या, आठवणीतून पुन्हा लिहिल्या गेल्या, आणि एकाच लीळेची दोन-तीन रूपे शेजारी शेजारी नोंदून ठेवण्याची शिस्त पंथाने पाळली. कोणाच्या आठवणीत काय निराळे आहे, हे सांगण्यात त्यांना गुरूचा अपमान वाटला नाही. ज्या रिद्धपुराशी ही खटपट जोडलेली आहे, तिथे आता मराठी भाषा विद्यापीठ उभे राहते आहे, हे फार शोभणारे आहे.

मार्जोरी साइक्स यांना म्हाइंभट ठाऊक होते की नव्हते, हा मुद्दा गौण आहे. त्यांच्याकडे त्यांची स्वतःची परंपरा होती आणि ती आश्चर्य वाटावे इतकी या शिस्तीजवळ जाते. जन्म १९०५ चा, इंग्लंडमधल्या यॉर्कशरच्या कोळसाखाणींच्या पट्ट्यातला, वडील शाळामास्तर. केंब्रिजला शिकून १९२८ मध्ये त्या मद्रासच्या बेंटिंक मुलींच्या शाळेत आल्या, तमिळ शिकल्या, पुढे तिथल्या मुख्याध्यापिका झाल्या. मग शांतिनिकेतन, बंगाली, रवींद्रनाथांच्या लेखनाचे अनुवाद. स्वातंत्र्यानंतर त्यांनी भारतीय नागरिकत्व घेतले आणि सेवाग्रामला आल्या. दरम्यान त्या क्वेकर झालेल्या होत्या.

क्वेकर हा सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉक्स यांच्यापासून सुरू झालेला छोटा ख्रिस्ती पंथ. त्यांच्या उपासनेला पुरोहित नसतो. मंडळी शांत बसतात. ज्याला आतून काही सुचेल तो उठतो, बोलतो, बसतो. या लोकांनी न्यायालयात शपथ घ्यायला नकार दिला आणि त्यासाठी तुरुंग भोगले. शपथेवर खरे बोलेन असे म्हटले, की शपथेवाचून केलेले बोलणे कमी खरे असते हे कबूल केल्यासारखे होते, आणि ते त्यांना मान्य नव्हते. त्यांची दुसरी रीत या लेखाच्या दृष्टीने जास्त महत्त्वाची. त्यांच्या सभेत मतदान होत नाही. लेखनिक चर्चा ऐकतो, तिथल्या तिथे इतिवृत्त लिहितो आणि सगळ्यांसमोर वाचून दाखवतो. जमलेल्यांना ते पटले तरच नोंद पक्की होते. कोणी 'असे नव्हते' म्हटले, तर वाक्य पुन्हा लिहायचे. नोंद घेणारा माणूस त्याच मंडळीतला असतो. त्याच्यावर विश्वास टाकतात, कारण तो आपले लिहिणे त्या लोकांपुढे वाचायला तयार असतो.

बाईंच्या पुस्तकाकडे या डोळ्यांनी पाहिले तर ममत्वाचा प्रश्न निराळा दिसतो. त्या आतल्याही होत्या आणि थोड्या बाहेरच्याही. शाळा सुरू होऊन अकराएक वर्षे झाल्यावर त्या आल्या, म्हणजे जन्मकथा त्यांना इतरांकडून ऐकावी लागली. १९५९ मध्ये त्या सेवाग्राम सोडून निलगिरीतल्या कोटागिरीला गेल्या. १९६४ पासून काही वर्षे नागालँडच्या शांतता मोहिमेत होत्या. शाळेवर पुस्तक लिहीपर्यंत जवळजवळ तीस वर्षे लोटली होती. पन्नास वर्षांच्या कहाणीतली त्यांच्या डोळ्यांदेखत घडलेली वर्षे दहाएक. उरलेली चाळीस त्यांना दुसऱ्यांच्या साक्षीवरच लिहायची होती.

याला एक आक्षेप आहे आणि तो वजनदार आहे. गीतेच्या वाटेने जाणारा म्हणेल, आसक्ती सुटल्याशिवाय वस्तू जशी आहे तशी दिसत नाही. आधुनिक इतिहासकारही वेगळ्या शब्दांत तेच म्हणेल: संस्थेचा इतिहास संस्थेबाहेरच्याने, कागदपत्रांवरून लिहावा. कागदपत्रे आहेतच. झाकीर हुसेन समितीचे वेळापत्रक मिनिटांत मांडलेले आहे: रोजच्या साडेपाच तासांत मूलोद्योगाला ३ तास २० मिनिटे, संगीत, चित्रकला आणि गणिताला मिळून ४० मिनिटे, मातृभाषेला ४०, समाजशास्त्र आणि विज्ञानाला ३०, व्यायामाला १० आणि सुटीला १०. हा कागद पाहून कोणालाही वाटेल की हा शिक्षणाच्या नावाखाली चालवलेला सूतकारखाना आहे. त्या काळी तसे वाटलेही. १९३७ च्या परिषदेतच प्रा. के. टी. शहा यांनी मुलांच्या श्रमावर शाळा चालवण्याला विरोध केला होता.

पण त्या ३ तास २० मिनिटांत काय चाले, हे कागद सांगत नाही. चार फुटांचा एक तार, ६४० तारांची एक गुंडी. मुलगा टकळीवर सूत काढतो, तार मोजतो, गुंडीचे वजन करतो आणि त्यावरून सुताचा अंक काढतो. म्हणजे लांबी, वजन, भागाकार आणि प्रमाण हे सगळे हातातल्या धाग्यावर येते. पेळू कसा झाला हे विचारले की कापूस, कापसावरून वऱ्हाडची काळी जमीन, जमिनीवरून पाऊस, आणि पावसावरून मँचेस्टरसाठी कापूस नेणारी आगगाडी. हे सगळे रोज घडत असे का? घडत नसणार. चांगला शिक्षक असेल तर घडे. नसेल तर नुसतेच सूत निघे. आणि हा फरक कोणाला सांगता येईल? जो त्या खोलीत बसला होता त्याला. आसक्ती सोडलेल्या निरीक्षकाला दोन्ही दिवशी गुंड्यांचा आकडा सारखाच दिसेल. कोणत्या दिवशी शिक्षण झाले आणि कोणत्या दिवशी निव्वळ उत्पादन, हे ओळखायला त्या मुलांवर जीव असावा लागतो. ममत्वाचा हा उपयोग अलिप्ततेच्या उपासकांनी नेहमीच कमी लेखला आहे.

शिवाय गांधीजींनी आपल्या कामाला प्रयोग हेच नाव दिले होते. आत्मकथेचे नावच तसे. प्रयोग म्हटले की फसलेला प्रयोगही वहीत उतरवावा लागतो. नाहीतर तो प्रयोग कसला? त्यामुळे सेवाग्रामच्या शिक्षकाला आपल्या शाळेचे अपयश लिहिणे हे शाळेशी केलेले वैर वाटायचे कारण नव्हते. ती त्याची नेमणूकच होती.

आणि अपयश आले. १९५६ मध्ये केंद्र सरकारने जी. रामचंद्रन यांच्या अध्यक्षतेखाली मूलोद्योग शिक्षणाची पाहणी केली. सरकारी शाळांत नाव नई तालीमचे आणि काम जुनेच, अशी अवस्था होती; खुद्द झाकीर हुसेन यांनी त्याविषयी अतिशय कठोर शब्द वापरले. सेवाग्रामची गोष्ट वेगळी होती, तिथे काम खरे होते. पण वर्धा जिल्हा १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात, मग द्वैभाषिक मुंबई राज्यात, १९६० पासून महाराष्ट्रात; राज्ये बदलली तरी नोकरीची आणि कॉलेजची वाट मॅट्रिकवरूनच जात राहिली. भूदानाच्या ओढीने कार्यकर्ते बाहेर पडले. १९५९ मध्ये तालिमी संघ सर्व सेवा संघात विलीन झाला. पुढे शाळा बंद पडली. आनंद निकेतन या नावाने ती पुन्हा सुरू व्हायला २००५ साल उजाडावे लागले. बाईंच्या पुस्तकाची पन्नास वर्षे १९८७ ला संपतात. म्हणजे त्यांनी आपल्या शाळेचा इतिहास लिहिला तेव्हा, आपण ज्यासाठी सेवाग्रामला आलो ते चालू स्थितीत नाही, हे त्यांना ठाऊक होते. स्मरणिका महोत्सवासाठी लिहितात. शाळेच्या पडझडीनंतर, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी ती कहाणी प्रसिद्ध करणे ही निराळ्या जातीची निष्ठा आहे, आणि तिला धार्मिक म्हणायला हरकत नसावी.

तरीही एका जागी ही रीत अपुरी पडते, आणि ते स्पष्ट बोलले पाहिजे. सभेत नोंद वाचून दाखवायची, पण सभेत नसलेल्याचे काय? शेगाव ही मोठ्या प्रमाणात दलितांची वस्ती होती. शाळेत सगळ्या जातींची मुले संडास साफ करत, एका पंगतीला जेवत, आणि ब्राह्मणाच्या मुलासाठी ते मोठे शिक्षण होते यात वाद नाही. पण ज्याच्या बापजाद्यांनी तेच काम सक्तीने केले, त्याच्या हातात झाडू देऊन त्याला कोणते नवे शिक्षण मिळत होते? त्याच्या बापाला मुलगा कारकून व्हावा, वकील व्हावा असे वाटले, तर ती पाश्चात्त्य शिक्षणाची भुरळ म्हणायची की माणूस होण्याची धडपड? सेवाग्रामपासून पाऊणशे किलोमीटरवर, नागपूरला, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी लाखोंना बुद्धाच्या धम्माची दीक्षा दिली. शाळेतल्या सर्वधर्मप्रार्थनेत सगळे धर्म होते, आणि त्याच वर्षी त्याच परिसरातली माणसे आपल्या धर्माचा निर्णय स्वतः घेऊन बाहेर पडत होती. या दोन गोष्टी एकाच इतिहासात शेजारी ठेवल्याशिवाय नई तालीमची साक्ष पुरी होत नाही. आत कितीही प्रामाणिक माणसे बसली, तरी दाराबाहेरच्याची आठवण ती लिहू शकत नाहीत.

राहता राहिले विद्यार्थी. निवासी शाळेत शिक्षकाला जे घर वाटते ते मुलाला कधी कधी तुरुंग वाटते. जॉर्ज ऑरवेल आणि सिरिल कॉनली हे दोघे इंग्रज लेखक इंग्लंडमधल्या एकाच निवासी शाळेत, सेंट सिप्रियन्समध्ये होते. दोघांनीही तिच्यावर लिहिले. ऑरवेलचा लेख इतका जहाल होता की त्याच्या मृत्यूनंतरही बदनामीच्या भीतीने तो ब्रिटनमध्ये कित्येक वर्षे छापला गेला नाही. सेवाग्रामच्या बाजूने आजवर सर्वांत जास्त ऐकू आलेला विद्यार्थ्याचा आवाज डॉ. अभय बंग यांचा आहे. ते या शाळेत शिकले आणि तिच्याविषयी अपार कृतज्ञतेने लिहीत आले. ही साक्ष मोलाची आहे. पण ती एका अशा मुलाची आहे ज्याच्या घरातही गांधीविचारच होता.

वसतिगृहातही मुलांसमोर तपासली जाणारी नोंद ठेवता येते. अमळनेरला साने गुरुजींनी १९२४ नंतरच्या काही वर्षांत वसतिगृहातल्या मुलांसाठी 'छात्रालय' नावाचे हस्तलिखित दैनिक चालवले. तिथे लिहिणारा आणि वाचणारी मुले एकाच छपराखाली राहत. आदल्या दिवशीची गोष्ट चुकीची लिहिली, तर चूक दाखवायला पन्नास पोरे सकाळी समोर उभी. पुढे १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरची प्रवचने ज्यांनी लिहून घेतली ते हेच साने गुरुजी, आणि विनोबांचे शिक्षणविचार आणि आठवणी इंग्रजीत नेणाऱ्या याच मार्जोरी साइक्स. ऐकून घेणे, लिहून घेणे आणि ज्याचे आहे त्याच्यापुढे पुन्हा ठेवणे, हे काम या दोघांनीही स्वतःच्या लेखनापेक्षा कमी प्रतीचे मानले नाही.

वर्ध्याच्या परिषदेला २०३७ मध्ये शंभर वर्षे होतील. महोत्सव होईल, स्मरणिका निघेल. तिच्या संपादकांनी शुभसंदेशांची पाने कमी करावीत आणि सेवाग्रामच्या वस्तीत जाऊन शाळा अर्धवट सोडलेल्यांना विचारावे: किती दिवस गेलात, काय शिकलात, का सोडलीत, घरचे काय म्हणाले. मिळतील ती उत्तरे, परस्परविरोधी असली तरी, जशीच्या तशी शेजारी शेजारी छापावीत. हे काम २०३७ पर्यंत थांबणारे नाही. १९५० मध्ये तिथे राहणारा पंधरा वर्षांचा मुलगा आज नव्वदीच्या घरात आहे.